पंचाने ओलं व्हायचं नसतं

२७ जुलै, रविवार

ट्रॉलीच्या फळीवर 'शेतकरी राजा' लिहीत होतो. 'क'चं पोट जरा फुगलं म्हणून पुसून पुन्हा काढत होतो (ट्रॉलीवाल्याला फरक कळत नाही, मला कळतो), तेवढ्यात रोहिणी आली. रोहिणी म्हणजे मुंजाजीची मुलगी. तो गेल्यापासून त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान तीच चालवते, माझ्या दुकानाला लागून. हाताला वॉर्निशचा वास, कानाच्या मागे पेन्सिल, अगदी बापासारखी.

"काका, सतरा तारखेला आण्णांचं वर्षश्राद्ध हाय. कीर्तन ठेवायचं न्हाई म्हणतेत बबनकाका."

"का म्हणे?"

"आण्णा कीर्तनात घोरायचे. आता त्येंच्याच कार्यक्रमात त्येंना कशाला झोपवायचं, म्हणतेत."

बबनरावांचं म्हणणं पुढे असं की, मुंजाजीने ज्याला ज्याला पोहायला शिकवलं, त्याने बबनरावांच्याच मळ्यातल्या विहिरीत एकेक मुटका मारायचा. (मुटका म्हणजे गुडघे पोटाशी आवळून, अंगाचा गोळा करून मारलेली उडी. सूर वेगळा. लोक गल्लत करतात.) मुंजाजीने आपल्या युसूफ वडगावातलं जवळजवळ प्रत्येक पोर पाण्यात घातलेलं आहे, तेव्हा कार्यक्रम मोठा होणार.

"आन पयला मुटका तुमचा," रोहिणी म्हणाली. "तुमी जिवाभावाचे दोस्त. आधी भाषण, मग मुटका."

मी म्हणालो, "जरूर."

ती गेल्यावर 'राजा'तला 'ज' मी उलटा काढला. तीस वर्षांत प्रथमच.

मला पोहता येत नाही.

हे वाक्य आज आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. अक्षर चांगलं आलं आहे, मजकूर वाईट आहे.


२८ जुलै, सोमवार

झोप नीट लागली नाही. हे सगळं कसं झालं ते एकदा व्यवस्थित लिहून काढतो.

आम्ही पंचविशीच्या आतबाहेर होतो. श्रावणात विहिरी भरल्या की बबनरावांच्या विहिरीवर मुटक्यांची शर्यत लागायची. ज्याच्या मुटक्याचं पाणी सगळ्यांत उंच उडेल तो जिंकला. त्या दिवशी सगळे मारून झाले आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्याआधी महिनाभर पारावर बसून मी पोहण्याच्या शास्त्रावर बोलत होतो. एक पुस्तक पूर्ण वाचलं होतं, आकृत्यांसह. त्यामुळे लोकांच्या अपेक्षा वाढलेल्या. मी काठावर उभा, आणि गुडघे एकमेकांवर वाजत होते.

तेवढ्यात मुंजाजी मध्ये पडला. ओली चड्डी पिळत ओरडला, "अय, थांबा बे! पंच नको का कुणी? पंचानं ओलं व्हायचं नसतं. पेंटर पंच!" आणि कुठूनशी एक शिट्टी आणून माझ्या गळ्यात घातली.

तेव्हापासून मी पंच. आणि पंच म्हणून मी काम चोख केलं आहे. विहिरीच्या काठावर मोटारीची खोली आहे, तिच्या भिंतीवर मी फुटाफुटाच्या रेघा आखल्या, आकडे घातले. मुटक्याचं पाणी भिंत जिथपर्यंत ओली करेल तेवढी उंची. पाण्याची पातळी कमीजास्त असली की दुरुस्ती कशी करायची, याचं सूत्रही मी स्वतः बसवलं आहे. विक्रम मुंजाजीचा, अकरा फूट. अकरावर भिंत संपते, पुढे पत्रे.

मला पोहता येत नाही हे जगात एकट्या मुंजाजीला माहीत होतं. त्याने कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही आणि ते गुपित तो सोबत घेऊन गेला. आता ते पोटात ठेवून मी एकटा आहे.


३० जुलै, बुधवार

पुस्तक माळ्यावरून काढलं. काही पानं उंदराने खाल्ली आहेत, पण नेमका 'श्वास' हा भाग शाबूत आहे.

दार लावून बाजेवर पालथा झालो आणि आकृती क्रमांक चारप्रमाणे हात मारले. पाय बेडकाप्रमाणे. बाज करकरत होती, पण लय सापडली होती. दाराची कडी नीट बसत नाही, हे विसरलो. बायको, मंजुळा, आत आली.

"अगं बाई! पोटात दुखतंय काय?"

"व्यायाम करतोय."

"बाजेवर पालथं पडून?"

"मणक्यासाठी."

ती म्हणाली, "पाय जरा लांब मारा. आखडून मारताव तुमी." आणि ज्वारीचा डबा घेऊन गेली.

मणक्याबद्दल तिला काय माहीत, पण पाय लांब मारल्यावर खरोखर बरं वाटलं.


२ ऑगस्ट, शनिवार

भाषण मुद्देसूद झालं पाहिजे, म्हणून आठवणी गोळा करायला बबनरावांकडे गेलो. ऐकीव गोष्टी मी घेणार नाही, पडताळून घेईन, हे आधीच सांगितलं.

बबनराव म्हणाले, "आमच्या वडलांच्या कवळीचं घ्या मंग. वडील विहिरीत वाकून बघायला गेलते, कवळी पडली आत. दोन वर्सं झाली. मंग मोटार जळली म्हणून मुंजाजीला उतरवला. त्यो बुडी मारून वर आला ते तोंडात वडलांची कवळी घालूनच! म्हणतो, बबनराव, मोटार गेली, पर दात चांगले हायेत!"

"वरची कवळी की खालची?"

"आता मला काय माहीत, पेंटर? दोन्ही."

"मुंजाजीला स्वतःचे दात होते. त्यावर कवळी बसेल कशी?"

बबनरावांनी विचार केला. "ओठात धरलती."

"मग 'घातली' म्हणता येणार नाही. 'धरली' म्हणावं लागेल."

"धरली म्हणा, चावली म्हणा! वडलांनी उकळून घेतली आन पुढं आठ वर्सं त्याच कवळीनं हुरडा खाल्ला. हे लिवा."

लिहिलं. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी बिनघोर राहा, पेंटर. आमी हाय."

"कशाबद्दल?"

"भाषणाबद्दल हो! दुसरं काय."

भाषणाबद्दल मला घोर नाहीच. पण माणूस प्रेमळ आहे.


४ ऑगस्ट, सोमवार

मुंजाजीच्या घरी, वच्छलावहिनींकडे गेलो. त्यांनी लग्नाचा फोटो काढून दाखवला. फोटोत मुंजाजीचा डावा डोळा दिसत नाही आणि वरचा ओठ एका बाजूने वांग्याएवढा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी, अंगाला हळद लागलेली असताना, हा डोंगरात आग्यामोहळ काढायला गेला होता.

"अंतरपाट धरलेला," वहिनी म्हणाल्या. "खाली घेतला आन म्या किंचाळले. मला वाटलं, नवरदेव बदलला. तर सुजलेल्या तोंडानं म्हणतेत कसे, 'भिऊ नको, मध आणलाय.' सगळ्या वऱ्हाडाला पोळीबर मध वाढला बघा भावजी."

असा तो. हातात कला इतकी की जळलेली मोटार नुसत्या वासावरून ओळखायचा, किती पाणी आत गेलं आणि मालकाने ती कधी तपासली नाही तेही सांगायचा. पण गिऱ्हाईक दारात उभं आणि हा मांजरा धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून. फलकावर 'दुकान चालू आहे' हे मी सुबक लिहून दिलं होतं. त्याखाली त्याने खडूने वाढवलं होतं, 'मालक बंद आहे.' मी दर आठवड्याला पुसायचो, तो दर आठवड्याला लिहायचा.

गेलाही तसाच. मागच्या वर्षी गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, धरणाच्या काठाला बाभळीला टेकून, टोपी डोळ्यांवर, गळ हातात. गुराख्यांना वाटलं, झोपलाय. उठवायला गेले तर गळाला मरळ लागलेली, दोरी ओढत होती. श्रावणात तो मासे खायचा नाही. धरायचा, दोन गोष्टी बोलायचा आणि सोडायचा. ती मरळ कुणी सोडावी यावर तिथे बराच खल झाला. शेवटी वहिनी आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "सोडा तिला आधी. श्रावण हाय."

"किती किलोची होती?" मी आज विचारलं.

"मोजायचं सुचलं न्हाई, भावजी."

ही नोंद कायमची अपुरी राहिली.

चहा झाल्यावर उठलो, तशा वहिनी म्हणाल्या, "भावजी, पाण्यात एकदम उतरू नका बरं का. आधी पाय भिजवा, मंग छाती." माझ्यासारख्या जाणकाराला हे सांगायची गरज नव्हती, पण बायकांना काळजी असते.


६ ऑगस्ट, बुधवार

प्रत्यक्ष पाण्यात सराव हवा. गावाबाहेरच्या जनावरांच्या हौदात पहाटे उतरलो. पाणी कमरेपर्यंत. तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, आकृती क्रमांक सात. सोडला. डोळे उघडून वर आलो तर समोर म्हैस. ती पाणी प्यायला आली होती आणि मी तिच्या हौदात बुडबुडे काढत होतो. आम्ही दोघेही दचकलो. फरक एवढाच की ती हौदात आली आणि मी बाहेर पडलो.

कपडे दुसऱ्या बाजूला होते, म्हशीच्या बाजूला. धोंडीरामचं हॉटेल तेवढ्यात उघडलं. त्याने लांबून हात केला. "पेंटर, पाणी कसं हाय?"

"तपासतोय," मी म्हणालो. "फलक लिहायचाय हौदावर."

पटलं असावं.


७ ऑगस्ट, गुरुवार

आज अनपेक्षित योग जुळून आला. सविस्तर लिहितो.

रोहिणी दुकानात आली आणि जरा घुटमळली. मग म्हणाली, "काका, एक अडचण हाय. आण्णांसारखं पवायला शिकवायचं काम आता मला करायचंय. पर मला शिकवता येतंय का न्हाई, हे सांगणार कोण? तुमी एवढे वर्सं पंच. तुमीच परीक्षा घ्या माझी."

"आनंदाने. शिकाऊ पोरं आण."

"तीच तर अडचण. पयल्याच दिवशी पोरगं कसं धरू? काय चुकलं तर? म्हणून म्हणते..." तिने नखाखालचं वॉर्निश खरवडलं. "तुमी शिकाऊ व्हायचं सोंग करताव का? म्हणजे पवायला येतच न्हाई, असं. तुमाला लई अवघड जाईल, मला कळतंय."

मी विचार केल्यासारखं दाखवलं. आतून मात्र एवढा हलका झालो होतो की टेबल धरून ठेवावं लागलं. मुलगी हुशार, पण तिला काडीचा संशय आलेला नाही!

"अवघड आहे," मी म्हणालो. "पण मुंजाजीच्या मुलीसाठी करीन."


८ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी विहिरीवर गेलो. एरवी त्या वेळी तिथे पोरांचा कालवा असतो. आज चिटपाखरू नाही. बबनराव रस्त्याच्या तोंडाशी काठी घेऊन बसले होते आणि येणाऱ्याला परत पाठवत होते. विहिरीत विरोळा निघालाय म्हणे. पाण्यातलाच साप, बिनविषारी, मी भीत नाही. पण मला त्यांनी अडवलं कसं नाही, हे विचारायचं राहिलं.

रोहिणीने पोहायचा डबा आणला. जुना, पंधरा किलोचा तेलाचा, तोंड झाळून बंद केलेलं, पाठीला बांधायला दोरी. मुंजाजीच्या हातची झाळ ओळखू येते, कुठे थेंब नाही. त्याच्याकडे असे पाच-सहा डबे होते, पण हा मी कधी पाहिला नव्हता. दोरी फारच लांब. पोराच्या पोटाला तीन वेढे बसतील. माझ्या पोटाला मात्र एक वेढा आणि गाठीपुरतं टोक.

"हा कुणासाठी बनवला होता?" मी विचारलं.

"काय माहीत. लई वर्सांपासनं ठेवलाय. कुणाला बांधू द्यायचे न्हाईत. आय म्हणायची, भंगारात घाला. तर आण्णा म्हणायचे, ऱ्हाऊ दे, एक गिऱ्हाईक यायचंय."

"कोण?"

"नाव न्हाई सांगितलं कधी."

पोटाच्या घेरावरून मला प्रथम बबनरावांचा संशय आला. पण ते सहाव्या वर्षीच शिकले. तेव्हा कुणीतरी बाहेरगावचा असावा. बिचाऱ्याचं राहून गेलं.

पायऱ्यांवरून उतरलो. सोंग मी इतकं हुबेहूब वठवलं की दोनदा नाकात पाणी गेलं आणि एकदा मी रोहिणीची वेणी धरली.

"अंग सैल सोडा, काका."

"शिकाऊ माणूस सैल सोडत नसतो," मी म्हणालो. "मी ताठच धरणार. तू सुधार."

"बरोबर हाय," ती म्हणाली. मुलीत नम्रता आहे.

घरी आलो तर मंजुळाने न विचारता तिळाचं तेल कोमट करून ठेवलं होतं. "कानात घाला," म्हणाली. मणक्याचा आणि कानाचा संबंध तिने कुठे ऐकला कुणास ठाऊक.


११ ऑगस्ट, सोमवार

रोहिणीला शिकवता येऊ लागलं आहे. आज तिने मला विहिरीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत नेलं. म्हणजे मी गेलो, ती बाजूने बोलत होती. तिला प्रोत्साहन म्हणून मी थोडी प्रगती दाखवली.

नंतर पायऱ्यांवर बसून बापाची आठवण काढत होती. मुंजाजीची शिकवायची एकच रीत होती. पोराच्या पाठीला डबा बांधायचा, काठावर उभं करायचं आणि एकदम विचारायचं, "तुझ्या मामाचं नाव काय?" पोरगं सांगायला तोंड उघडायचं आणि हा मागून ढकलायचा. मामाचं नाव पाण्यात जायचं, पोरगं वर यायचं ते पोहतच. पुढे ती गावाची रीतच झाली. आता कुणीही उडी मारताना आधी मामाचं नाव घेतो. घाटनांदूरहून आलेल्या एका जावयाने चौकशी केली होती की, इथल्या विहिरीत सगळ्यांचे मामा मेलेत की काय.

मला आठवलं ते असं. मुंजाजीने मला कधीच मामाचं नाव विचारलं नाही. एकदा मात्र, आम्ही दोघेच विहिरीवर होतो, तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, तुझ्या मा..." आणि थांबला. मग म्हणाला, "जाऊ दे. आज पाणी गार हाय."

माझ्या मामाला तो ओळखत होता, म्हणून विचारलं नसेल.


१४ ऑगस्ट, गुरुवार

आज डबा पाठीला जड वाटत होता. तरी तीन फेऱ्या मारल्या. बाहेर येऊन सोडला, तर आतून घळाघळा पाणी निघालं. एका कोपऱ्याची झाळ सुटली होती. रोहिणीला चांगलं सुनावलं.

"वायंडिंगच्या दुकानात बसतेस आणि डब्याची झाळ बघता येत नाही? बुडालो असतो ना!"

"चुकलं, काका," ती म्हणाली आणि तोंड पदराआड करून खोकत राहिली. गारठा बाधला असेल. तुळशीचा काढा घे म्हणालो.

जेवताना विचार आला. पाण्याने भरलेला डबा माणसाला तरंगवत नाही, उलट खाली ओढतो. मग तीन फेऱ्या...?

पुस्तकात बघितलं. याबद्दल काही दिलेलं नाही.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन झालं. शाळेच्या पटांगणात बबनरावांनी माईकवरून जाहीर केलं, "परवा पयला मुटका आपले पंच!" टाळ्या पडल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

पायऱ्यांवरून हळूच पाण्यात उतरणं वेगळं आणि काठावरून, गावादेखत, उडी मारणं वेगळं. ती अजून एकदाही मारलेली नाही. रोहिणी म्हणाली, "उडी कशाला शिकवायची? ती तर तुमाला येतच आसन." मी मान डोलावली.

परवा काठावर गुडघे वाजले, तर एवढ्या वर्षांचा पंच संपला. तेही चालेल एक वेळ. पण माणसं म्हणतील, मुंजाजीने याला खोटा सांभाळला. मेलेल्या माणसावर बोट येईल, ते माझ्यामुळे. हे मला सोसणार नाही.

म्हणून दुपारी पायाला पट्टी बांधली. मुरगळला, असं सांगायचं. संध्याकाळी सैल झाली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मंजुळा चुलीपुढून म्हणाली, "दुपारी उजवा होता."

इतक्या काटेकोर माणसाकडून ही चूक व्हावी!

ती उठली, समोर बसली आणि पट्टी सोडायला लागली. "मुंजाजी भावजी तुमच्यासाठी एवढी वर्सं थांबले. तुमाला एक दिवस जमंना?"

कशासाठी थांबले, ते तिने सांगितलं नाही. त्याच्या दुकानाचा मोठा फलक मी दिवाळीऐवजी होळीला दिला होता, तेच तिच्या मनात असावं.


१७ ऑगस्ट, रविवार

आज अक्षराला माफी असावी.

पहाटे पाऊस होऊन गेला, मग उघडलं. विहीर तुडुंब. सगळा गाव काठावर. फ्लेक्सवर 'भावपूर्ण'चा 'पू' चुकला होता, तो मी आधी ब्रशने दुरुस्त केला. फोटो तोच लग्नातला, सुजलेल्या ओठाचा. वहिनींनी हट्टाने लावला. लोक हार घालत होते आणि तोंड दाबून हसत होते. मुंजाजीला हेच आवडलं असतं.

भाषण नऊ पानांचं. कवळी 'धरली' म्हणालो, 'घातली' नाही. हशा चांगला मिळाला. मधाला तर वहिनीसुद्धा हसल्या. मरळीचं वजन उपलब्ध नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं. शेवटचं पान संपलं आणि मी पहिलं पान पुन्हा सुरू केलं.

"पेंटर, हे झालंय!" धोंडीराम ओरडला.

शर्ट काढला. काठावर गेलो. शिट्टी रोहिणीकडे दिली होती. खाली पाणी, काळं, हलणारं. गुडघे वाजायला लागले. तोच आवाज, पंचविशीतला. आणि या खेपेला मध्ये पडायला कुणी नव्हतं.

गाव गप्प. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. एवढी माणसं एवढी गप्प मी कधी पाहिली नव्हती. बबनरावांनी तर डोळे मिटले होते.

वच्छलावहिनींचा आवाज आला. "ह्ये असते तर एव्हाना ढकललं असतं."

"न्हाई, आय," रोहिणी म्हणाली. "काकांना आण्णांनी कधीच ढकललं न्हाई."

हे खरं होतं. सगळा गाव त्याने ढकलला. सरपंच ढकलले, जावई ढकलले, एक तलाठी ढकलला, शाईच्या पेनसकट. मला नाही. दर श्रावणात तो माझ्या शेजारी, या काठावर, अंगावरून पाणी निथळत उभा राहायचा, हाताच्या अंतरावर. एकदा हात पुढे केला असता तर काम झालं असतं. त्याने केला नाही. पाऊल मीच टाकावं, असं त्याला हवं होतं.

मग मी स्वतःच स्वतःला विचारलं, मोठ्याने. "तुझ्या मामाचं नाव काय?"

आणि छाती फुगवून ओरडलो, "गहिनीनाथ!"

पुढचं नीट आठवत नाही. गुडघे पोटाशी आले होते, हे नक्की. पाणी फळीसारखं लागलं. मग हिरवं, मग काळं, मग कानात घंटा. मग हात आपोआप चालले आणि डोकं वर आलं. वर आल्याबरोबर मी काठाकडे बघितलं, डाव्या अंगाला, जिथे तो ओल्या अंगाने उभा असायचा. "बघितलं का बे?" असं म्हणालोसुद्धा. तिथे फोटो होता. एक डोळा मिटलेला.

पायऱ्यांपर्यंत पोहत गेलो. डब्याशिवाय. गाव असा ओरडत होता की मला वाटलं मागे कुणी बुडालं. मंजुळा टॉवेल घेऊन शेवटच्या पायरीवर आधीच उभी. तिने माझं डोकं फार जोरात पुसलं.

"बारा फूट!" बबनराव ओरडले. "पत्रे भिजलेत बघा! विक्रम मोडला!"

पत्र्यावरून खरंच पाणी गळत होतं. बबनराव खोलीच्या मागून आले होते, हातात रिकामी बादली. पोरांना पाणी पाजायला आणली होती म्हणे.

मग लोकांनी रांग लावली. दिवसभर विहिरीत मामांची नावं पडत होती. हनुमान! आप्पा! धोंडीराम! (धोंडीराम स्वतः तिथेच होता, भाच्याने नाव घेतल्यावर दचकून चहा सांडला.) शेवटी वच्छलावहिनींनी पदर खोचला, मामाचं नाव काही त्यांना आठवेना, म्हणून नवऱ्याचंच नाव घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि नऊवारीसकट विहिरीत गेल्या. पाणी सात फुटांवर. ही नोंद अधिकृत आहे.


१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी ब्रश आणि डबी घेऊन एकटाच विहिरीवर गेलो. विक्रमाचा निकाल भिंतीवर लिहायचा होता.

बसून विचार केला. पत्रे ओले होते, हे मान्य. पहाटेच्या पावसाचं पाणी एवढा वेळ टिकणार नाही, हेही मान्य. म्हणजे उंची बारा. परंतु नियम पहिला, पंचाने ओलं व्हायचं नसतं. तो मुंजाजीने केला आणि तो रद्द झाल्याची कुठेही नोंद नाही. मी पंच होतो आणि मी ओला झालो, डोक्यापासून पायापर्यंत, पुराव्यासह. सबब माझा मुटका बाद. विक्रम मुंजाजीचाच, अकरा फूट. त्याच्या नावावर नवा हात फिरवला, पिवळ्याला काळी किनार.

खाली, पायाजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी, माझंही नाव लिहिलं. उंची नाही लिहिली. नुसतं 'ओला झाला' एवढंच.

मग रोहिणीकडे जाऊन पंचाचा राजीनामा दिला. तोंडी. "शिट्टी तुझ्याकडेच राहू दे," म्हणालो. डबा परत द्यायला नेला होता, तो तिने घेतला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. तुमचाच हाय."

"माझा कसा? त्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा आहे."

ती हसली. बापासारखीच हसते, डावा डोळा आधी मिटतो. "आला की द्या त्येला," म्हणाली.

डबा दुकानात फळीवर ठेवला आहे. झाळ तिने पक्की करून दिली, या वेळी कुठे थेंब नाही. गिऱ्हाइकाने यायला फार उशीर केला, पण कुणी आलंच, तर मी ओरडणार नाही त्याच्यावर. आधी पाय भिजव, मग छाती, एवढं सांगेन.

उद्या संध्याकाळी पुन्हा विहिरीवर जायचं आहे. रोहिणीला अजून सराव लागेल.